बेकलची चढण

चारुदत्त सोहोनी मूळचे पुण्याचे. आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात ते बारा वर्षं गुणवत्ता तपासत होते, आणि त्यांच्या नजरेतून सहसा काही निसटत नसे. निसटला तो पाय. २०१८च्या मार्चमध्ये बर्फ पडला, तेव्हा दूध आणायला बाहेर पडलेले चारुदत्त दारातच आडवे झाले आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन चांगलं झालं, पण घरी आल्यावर त्यांनी धीर सोडला. पलंग ते खुर्ची, एवढीच त्यांची मजल. कुणी चौकशी केली की इथल्या लोकांसारखं ‘ग्रँड’, म्हणजे झकास, म्हणून मोकळे होत. तरुणपणी दर रविवारी सह्याद्रीतला एखादा गड गाठणारा माणूस, आता घरातल्या जिन्याकडे बघायलाही तयार नव्हता. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, प्रभाताईंना, स्पष्ट सांगितलं होतं की आता हलले नाहीत तर वॉकर कायमचा.

घरी येऊन तपासणारी नर्स होती शोभना. केरळातल्या कासरगोडची. आयर्लंडला येण्याआधी चार वर्षं पुण्यातल्या एका इस्पितळात होती. तिचं मराठी पेशंटांकडून आलेलं, त्यामुळे त्यात ‘उठा’, ‘बसा’, ‘तोंड उघडा’ हेच जास्त. भिंतीवरचा राजगडाचा फोटो बघून तिनं विचारलं, हा कोणी काढला? चारुदत्तांनी पहिल्यांदाच दोन वाक्यांपेक्षा जास्त उत्तर दिलं. ती ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, “काका, आमच्या गावाजवळ पण किल्ला आहे. बेकल. एकदम समुद्रात. तुम्हाला नाही जमणार.”

तेवढं पुरलं. चारुदत्तांनी फोनवर बेकलचा फोटो शोधला. लाटांमधून वर आलेला काळपट बुरूज दिसला. बाकीची चढण त्यांनी मनानेच उभी केली: किल्ला म्हटला की छातीवर येणारी वाट आलीच. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या प्रेसच्या, म्हणजे कपाटाच्या, दारावर तक्ता लागला. जिन्याच्या तेरा पायऱ्या, आधी एकदा, मग तीनदा, मग दहादा. उन्हाळ्यात शॅनन नदीच्या काठाने दोन मैल. ऑगस्टमध्ये वॉकर गेला, काठी आली. शोभना दर भेटीला तक्ता बघायची आणि “बेकलला एवढ्याने नाही होत” एवढंच बोलायची. प्रभाताईंना तिचा राग यायचा.

जानेवारीत दोघं नवरा-बायको बेकलला पोहोचले. चारुदत्तांच्या पायात ट्रेकिंगचे बूट, गुडघ्याला पट्टा, पाठीवर पाणी, गूळ-शेंगदाणे आणि शिट्टीसुद्धा. तिकीट काढून आत आले आणि थबकले. समोर हिरवळ. सपाट. मधोमध टेहळणीचा बुरूज, त्यावर जायला बैलगाडी चढेल असा रुंद उतार. एक आजी अनवाणी, नातीचा हात धरून, गप्पा मारत वर चालल्या होत्या.

प्रभाताईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू लपेना. “शिट्टी वाजवा आता,” त्या म्हणाल्या.

चारुदत्त काठी न टेकता वर गेले. खाली तिन्ही बाजूंनी समुद्र, चौथीकडे माडांची दाटी. तिथूनच त्यांनी ॲथलोनला व्हिडिओ कॉल लावला. शोभना ड्युटीवर निघत होती, अंगात जाड कोट. पाच वर्षांत ती घरी गेली नव्हती. समुद्र दिसला तशी ती दारातच थांबली आणि तिनं फोन डोळ्यांजवळ नेला.

“शोभना, इथे चढण कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“सपाट आहे सांगितलं असतं, तर जिना चढला असता काका?”

आभाराचं काही बोलायचं चारुदत्तांनी विमानापासून जुळवलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी फोन माडांकडे वळवला आणि तिचं घर कुठल्या बाजूला ते विचारलं. ती सांगत गेली, तसे ते बुरुजाच्या कडेकडेने सावकाश चालत राहिले, तिला दिसावं म्हणून.

काठी प्रभाताईंच्या हातात होती.