फडातलं कडवं

मी एकदा लाल शाईनं देवाच्या गाण्यातला ऊस खोडला. बावीस वर्षांची होते. डी.एड. होऊन बेलापुरात शिकवायला लागून सहा महिने झाले होते, आणि जगात जे जे चुकलंय ते आपणच तपासायचं, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांनी नाताळच्या गाण्यांचं छोटं पुस्तक छापायचं ठरवलं आणि मजकूर नीट करायला माझ्याकडे सोपवला. त्या शहाण्या माणसाची ही एकच चूक. बाकीच्या सगळ्या माझ्या.

त्यातलं एक गाणं सारामावशीकडून उतरवून घ्यायचं होतं. यायचं सगळ्यांनाच, पण सुरुवात कायम तिची. सारामावशी शेवगावकडची. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला यायची, पुढे इथंच राहिली. काळी, काटक, डाव्या हाताचं एक बोट कोयत्यानं अर्धं नेलेलं. देवळात ती बाकावर कधी बसली नाही. "बाकावर पाय लोंबत्यात, मग सारं ध्यान पायाकडंच ऱ्हातं," म्हणायची आणि खाली भिंतीला टेकायची. सरावाला ढोलकीवाल्यानं जोर केला की त्याच्या मनगटावर हात ठेवी. "हळू रं. लेकरू निजलंय." आम्ही मागे बसून तोंडात पदर कोंबून हसायचो.

गाणं कुणी केलं, असं मी वही उघडून विचारलं. "हाय आसंच, पहिल्यापासनं," ती म्हणाली आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं. मी खाली लिहिलं: परंपरागत, बहुधा मूळ इंग्रजी. इंग्रजी मला पाठ्यपुस्तकापुरतंच यायचं; पण चांगलं असेल ते साहेबाचंच असणार, एवढं मात्र न शिकवता येत होतं.

शेवटचं कडवं असं होतं:

पाचटाचं अंथरून, वर फाटका पदर,
उसाच्या गं फडामंदी, देवा, आलास लवकर.

माझी लाल शाई सळसळली. बेथलेहेमात ऊस कुठला? आणि देवाला 'लवकर आलास' म्हणायचं? तो तर ठरल्या वेळी आला, शास्त्रात लिहिलंय. मी दोन्ही ओळी काटल्या आणि तिथे सुवर्णतारका, दिव्यप्रभा वगैरे घालून स्वतःचं कडवं बसवलं. ढोलकीवाल्याला त्याचा ठेका शेवटपर्यंत सापडला नाही. मला वाटलं, त्याचा कानच तयार नाही.

नाताळच्या सकाळी आमची फेरी घरोघर गात जाई. शेवटचं दार सारामावशीचं, आणि तिथे हे गाणं, असा रिवाज होता. ती करंज्यांचं ताट घेऊन उंबऱ्यात डोळे मिटून उभी राही. त्या वर्षी आमच्या हातात नवी कोरी पुस्तकं होती. तिसरं कडवं झालं आणि माझी तारका तळपली. मावशीनं डोळे उघडले. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, जणू आमच्यातलं कुणीतरी वाटेत राहून गेलंय. मग ताट ओट्यावर ठेवून आत गेली. नवं कडवं ऐकून गहिवरली बिचारी, असं मी मैत्रिणीला सांगितलं. हो, खरंच सांगितलं.

दोन दिवसांनी तिच्या जावेनं मला नळावर गाठलं. मावशीचं पहिलं मूल आठव्या महिन्यात फडातच झालं होतं, नाताळच्या थंडीत. पाचटावर, तिच्याच पदरात. तिसऱ्या दिवशी गेलं. बांधाला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी मुकादमानं कामावर बोलावलं. मोळ्या बांधता बांधता ती जे पुटपुटत राहिली, तेच हे गाणं. टोळीतल्या बायकांनी उचललं, तिथून ते देवळात आलं. आपलं आहे असं तिनं कुणाला सांगितलं नाही. वर्षातून एकदा आख्खा गाव आपल्या दारात येऊन त्या लेकराला गातो, एवढंच तिला पुरत होतं. आणि तेवढंच मी खोडलं.

मी पेन घेऊन घरोघर फिरले, सापडेल त्या पुस्तकात हातानं जुनं कडवं लिहिलं. पण छापलेलं ते छापलेलंच. पुढच्या आवृत्त्या त्याच छापील प्रतीवरून निघाल्या, त्यांत माझीच तारका राहिली. सारामावशीला जाऊन आता बारा वर्षं झाली. माझी नातवंडं मोबाईलवर पुस्तक उघडून गातात. मी मध्येच उसाचं कडवं म्हणते, तर नात हात दाबून म्हणते, आजी, चुकतेस तू.

नळावरून त्या दिवशी मी तशीच तिच्याकडे गेले होते. ती दारात तांदूळ निवडत होती. मला धड माफीही मागता आली नाही, नुसती रडले. तिनं पाणी दिलं, सूप बाजूला सारून बसायला जागा केली. काहीतरी भरून द्यायचं म्हणून मी म्हटलं, पुढच्या वेळी गाण्याखाली तुमचं नाव छापते, मावशी. तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "माजं नगं, बाई. घालायचंच तर त्याचं घाला. पर नाव ठिवायच्या आदीच गेला त्यो."