धोट्यातला श्वास

मशीनच्या तेलाचा वास आला की नारपोलीतला तो यंत्रमागाचा कारखाना आठवतो. सातवीत शाळा सोडून परभणीकडून आलेल्या मला लूम चालवायला शिकवलं एका खोकणाऱ्या चाचांनी. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. आडवं सूत नेणाऱ्या लाकडी धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढत ते म्हणत, "रूह साँस में रहती है, बेटा." आमचा बौद्ध फिटर हसायचा, "आत्मा-बित्मा काय नाय चाचा, आपण केलेलं तेवढं मागं राहतं." मुकादम खेकसायचा, "म्हाताऱ्या, तुझी रूह कापसात अडकलीय, खोकून टाक!" दवाखान्यासाठी मागितलेली सुट्टी त्याने दिली नाही आणि चाचा गेले. सगळे मातीला निघाले, मला मात्र मुकादमाने कामासाठी अडवलं आणि चाचांच्या लूमवर स्वतः उभा राहिला. सूत संपलं तेव्हा चाचांच्या धोट्यात सुताची नवी कांडी घालून मी तो त्याच्या हातात दिला. म्हणालो, "ओढा. चाचांची रूह आहे यात." धोटा ओठांपर्यंत गेला, पण टेकेना. "तू ओढ ना रे," तो पुटपुटला. "आधी मातीला जाऊन येतो," म्हणत मी निघालो. रूह कुठे असते, मला अजून ठाऊक नाही; पण मागे बंद पडलेल्या त्या लूमची शांतता आठवली की आजही बरं वाटतं.