यशोदाबाईचं नवं सैपाकघर

यशोदाबाईला दिसत नाही, हे आमच्या घरात दोघींनाच ठाऊक होतं. एक ती स्वतः आणि दुसरी मी, तिची धाकटी जाऊ शांती. आता मी किती बोलते ते नवेगाव बांधापासून अर्जुनीपर्यंत कोणालाही विचारा. माझा नवरा दुधराम म्हणतो, "इचं तोंड म्हणजे फुटलेला तुडूम." तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताकडे सोडायचं दार. आम्ही कोहळी, बापजाद्यांपासून तलाव बांधणारे, आमचं हसणं-चिडवणंसुद्धा पाण्यावरूनच. पण ही एक गोष्ट मी पोटात ठेवली, कारण बाईनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "कोनाले सांगशील त माझं मेलं तोंड पाहाशील," म्हणाली. मग काय करता?

ती सौंदडची. परकर नेसायच्या वयात या घरात आली. पोरबाळ झालं नाही. भाऊबंदांनी माझ्या भासऱ्यांना, म्हणजे थोरल्या दिराला, देवचंदांना, दुसरी बायको करा म्हणून किती टोचलं! भासऱ्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कुदळ खांद्यावर टाकून तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, निघून गेले. त्यांचं उत्तर तेवढंच. बाईकडे मग चूल उरली. पण ती चूल काय होती म्हणून सांगू! लाखोरीच्या डाळीचं साधं वरण, पण वाढलं की माणूस बोलायचं विसरे. तलावातले झिंगे ती अशी भाजे की शेजारचे लोक उगीचच विस्तव मागायला येत. मी या घरात आले ती भांडायच्या तयारीनंच, जाऊ म्हटल्यावर भांडण आलंच. पण तिनं पहिल्या दिवशी माझ्या पानात मासा वाढला तो काटे काढून. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

आमच्या घराला एक रीत आहे. देव सैपाकघरातच असतो, आणि रोजचा पहिला भात त्याला जातो. तो रांधायचा मान मोठ्या सुनेचा. पण जिला तांदळातला खडा दिसत नाही, तिनं देवाच्या चुलीला हात लावायचा नाही. आमच्या सासूचं असंच झालं. एकदा नैवेद्याच्या भातात खडा निघाला. आतेसासू रुख्माबाई कडक बाई, तिनं सासूला त्याच दिवशी ओसरीत बसवलं. कोणी रागावलं नाही, कोणी टाकून बोललं नाही, पण सासू तिथं बसली ती वाळतच गेली. वर्ष निघालं नाही. यशोदाबाईनं ते सगळं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा तिला दिसत होतं.

आधी तिला रातांधळं झालं, मग दिवसाही अंधार होत गेला. डोळे मात्र स्वच्छ, कोणाला शंका येऊ नये असे. मला कळलं ते असं. आम्ही दोघी चुलीपाशी बोलत होतो. माझं पोरगं रडलं म्हणून मी गुपचूप उठून गेले आणि परत येऊन दारात उभी राहिले. ती रिकाम्या जागेकडे तोंड करून माझ्याशी बोलत होती, हसत होती, "हाय का नाही वं शांते?" म्हणून विचारत होती. मी जवळ जाऊन तिचा हात धरला, तेव्हाच तिनं मला ती शपथ घातली. मग मी तांदूळ निवडायचं काम मागून घेतलं. विहिरीवर मी तिच्यासंगं, बाजाराला मी तिच्यासंगं. लोक म्हणत, पहा जावाजावांचं किती जमतं! सैपाकघरात मात्र तिला माझी गरज नव्हती. ते होतंच तसं, बिनखिडकीचं, काळंकुट्ट, डोळसालाही चाचपडायला लावणारं. मिठाची वाटी कुठं, शिंकं किती उंच, चुलीपासून देवाचा ओटा किती हातावर, सगळं तिच्या हातांना पाठ होतं. पळी कोणी वीतभर सरकवली तर घर डोक्यावर घेई. तिथं ती आंधळी नव्हतीच, अगदी खरं सांगते.

आणि माझ्या भासऱ्यांना नेमकं तेच सैपाकघर पाडायचं होतं.

त्यांना तिचे डोळे दिसत होते, म्हणजे ती चोळत असलेले डोळे. त्यांना वाटलं धूर आहे. उन्हाळ्यात तलाव आटले की मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं, बोलावणं यायचं आणि ते महिनोन्‌महिने दुसऱ्यांच्या पारी बांधत फिरायचे. घराचं मातीकाम करायचे दिवसही तेच. दर वर्षी म्हणायचे, "औंदा तुही सयपाकखोली करतोच," आणि दर वर्षी दुसऱ्याचा तलाव आडवा यायचा. त्या वर्षी मात्र मालगुजाराला चक्क नाही म्हणून आले. ओसरीत बसून कोळशानं भुईवर चित्र काढलं. म्हणाले, "धूर म्हनजे उलटं पानी. पानी खाली जाते, हा वर जाते. त्याले वाट देल्ली की झालं."

बाईनं भाकरी थापता थापता सांगितलं, "आहे तेच बरं आहे. कायले उगीच माती उकरता?"

"तुह्या डोळ्याचे हाल पाहावत नाही वं."

"माह्या डोळ्याले काई झालं नाही."

माणूस हसला. त्याला वाटलं, बायको आपल्या कष्टाला जपते आहे. नवरे एवढंच समजतात.

पुढं वैशाखात तिच्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं. भाऊ खाचर, म्हणजे छोटी बैलगाडी, घेऊन आला आणि तिला सौंदडला घेऊन गेला. माहेरचं घरही तिच्या हातापायांना पाठ होतं. खाचर गावाबाहेर पडलं असेल नसेल, इकडं भासऱ्यांनी छपराचे कवेलू उतरवायला सुरुवात केली.

मी काय करणार? भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, तोंडावरचा पदर काढायचा नाही, ही आमची रीत. मी दुधरामला घरामागं गाठलं आणि फैलावर घेतलं. "तुह्या भावाले थांबव. बाई नसताना तिची खोली पाडायची नाही."

"काऊन?"

"काऊन म्हनजे? तिले विचारलं का?"

"तिच्यासाठीच त करून राहिला तो. तुले कायले खुपते? तुले कोनी बांधून देत नाही म्हून?"

मला हेवा वाटतो म्हणे! मी त्या दिवशी याला जेवायला वाढलं नाही. पण खरं कारण ओठांवर आलं की बाईचं डोकं हाताखाली आठवायचं आणि मी गिळून टाकायची. भिंत पडली तेव्हा मी मोठमोठ्यानं रडले. रुख्माबाई म्हणाली, "धूळ गेली का वं डोळ्यात?"

बांधकाम मात्र असं झालं की बोट ठेवायला जागा नाही. भासऱ्यांनी तलावाच्या तळाची चिकण माती आणली, तिच्यात भाताचा भुसा कालवून पायांनी तुडवली. जमीन उंच केली. चूल इकडच्या भिंतीची तिकडच्या भिंतीला नेली, वारा पाठीशी यावा म्हणून. वर धुराडं ठेवलं, मोठी खिडकी ठेवली. आणि कोपऱ्यात मोरी केली. पाणी घरातल्या घरात सांडावं, बाईला भांडी घेऊन अंगणात जावं लागू नये. गावात तोवर कोणाच्या सैपाकघरात मोरी नव्हती. मोरीच्या तोंडाशी बसवायला त्यांनी बांधावरून एक दगड आणला आणि वाळू-पाण्यानं घासत बसले. बाईच्या हाताला खरखर लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. असा माणूस! मनात आलं, बाई, तुझं नशीब थोर, आणि तुझं नशीब फुटकं.

महिन्याभरानं ती परत आली त्याच दिवशी नव्या चुलीची पूजा ठरवलेली. भाऊबंद जमले होते. अशा वेळी आत पहिला पाय मोठ्या सुनेचा. तिनं एकटीनं आत जायचं, चूल पेटवायची, भात रांधायचा, देवाला दाखवायचा. तोवर दुसऱ्या कोणी उंबरठा ओलांडायचा नाही. सगळे दारातून पाहतात. मी पाय धुवायच्या निमित्तानं तिला विहिरीपाशी ओढलं.

"बाई, खोली पाडली. सगळं बदललं."

तिच्या हातातला लोटा खाली पडला. तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. मग म्हणाली, "सांग लवकर."

मी भराभर सांगायला लागले. उंबरठा उंच आहे. आत गेलं की समोर सरळ चूल. तांदूळ आणि पाणी चुलीच्या उजवीकडं. लाकडं मागं. "आन् देव?" तिनं विचारलं, आणि तेवढ्यात रुख्माबाई आली, "अवं, मुहूर्त जाते ना!" म्हणत तिला हाताला धरून घेऊन गेली. जाताना तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी असेन तिकडे.

तिनं उंबरठा ओलांडला, चुलीपर्यंत गेली, बसली. चूल पेटली. भात चढवला. धूर खरंच सरळ वर गेला आणि धुराड्यातून बाहेर पडला. बायका म्हणाल्या, "अवं माय, पाहा त!" भासरे दाराशी उभे होते, त्यांचं तोंड असं फुललं होतं की लग्नातही फुललं नसेल. मी मागं उभी राहून नुसता देवाचा धावा करत होते. भात झाला. तिनं पळसाच्या पानावर वाढला, बोटांनी नीट गोल केला.

जुन्या खोलीत चुलीशी बसलं की देव डाव्या हाताला होता, कोपऱ्यात. ती डावीकडे वळली. नव्या खोलीत देव उजवीकडे होता, खिडकीखाली. डाव्या कोपऱ्यात होती मोरी. तिनं हात पुढं केला आणि हाताला तो दगड लागला, घासून गुळगुळीत केलेला, देवाच्या ओट्याच्या दगडासारखा. तिचा जीव भांड्यात पडलेला मला लांबून दिसला. तिनं पान त्या दगडावर ठेवलं. भोवती पाणी फिरवलं. हात जोडले आणि मोरीपुढे माथा टेकला.

मग रुख्माबाई कसंतरी म्हणाली, "यशोदे, तेथं कोन देव आहे वं..."

भासऱ्यांनी उंबरठा ओलांडला. रीत नव्हती, तरी आत गेले. तिच्याशेजारी गुडघे टेकले आणि त्यांनीही मोरीपुढे माथा ठेवला.

"कोन?" तिनं दचकून विचारलं.

"मी."

"तुमी काऊन आले आत? निवद झाला नाही अजून."

"झाला. मी पाया पडून राहिलो."

त्यांचा आवाज फाटला. तिनं ओळखलं. तिचा हात दगडावरून पुढं सरकला, दगडामागच्या भोकात गेला, आणि तिनं फिरवलेलं पाणी तिथून वाहून जात होतं ते बोटांना लागलं. हात तसाच राहिला तिथं. मी डोळे मिटून घेतले, मला ते पाहवेना.

"कवापासून?" भासऱ्यांनी विचारलं.

"लई झालं. सांगितलं असतं त तुमी मले ओसरीत बसवलं असतं."

"यशोदे, मी हे तुह्या डोळ्यासाठी बांधलं वं," एवढं म्हणून तो पहाडासारखा माणूस सगळ्या भाऊबंदांसमोर ढसाढसा रडला. आणि तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नवऱ्याला चारचौघांत हात लावायची आमच्यात पद्धत नाही. पण तिनं हात काढला नाही.

नंतर भासऱ्यांनी सगळ्यांना बजावलं, "उद्यापासून बी यशोदाच रांधन. देवाले काय सांगायचं ते मी सांगन." रुख्माबाईसुद्धा मान खाली घालून हो म्हणाली. पण बाईच तयार होईना. "रीतीचं जाऊ द्या," म्हणाली. "मले या खोलीत काईच सापडत नाही." तेव्हा त्यांनी कुदळ उचलली. पाडतो म्हणाले, जसं होतं तसं करून देतो, चूल कुठं, शिंकं कुठं, तू फक्त सांगत जा. तिनं त्यांचा हात धरला.

"नका पाडू. शांतीले राहू द्या. तिचे डोळे चांगले आहेत, कायले धुरात घालवायचे?"

त्या दिवसापासून ती ओसरीत बसली. सासू बसायची तिथंच. तीन पावसाळे काढले. भासरे त्यानंतर कोणाच्याही तलावावर गेले नाहीत. ताट घेऊन तिच्याशेजारी ओसरीतच जेवत. माझ्या हातचं त्यांना कधी गोड लागलं नाही, ते मला दिसे, पण पानात शीत टाकलं नाही कधी त्यांनी. ती गेल्यावर तेही फार टिकले नाहीत.

आता इंग्रज जाऊन सुराज येणार म्हणतात. येवो बापडं. मी अजून त्याच खोलीत रांधते. गावच्या सुना येतात, वर पाहतात, खाली पाहतात, म्हणतात, "शांतीबाई, तुमचं नशीब चांगलं, चुलीपाशी बसा पर डोळ्यात धूर नाही." मी हो म्हणते. त्यांना कुठं सांगत बसू? त्यांच्या घरी बरं आहे, चुलीपाशी रडू आलं तर धूर झाला म्हणता येतं. मला तेही म्हणता येत नाही.