एक जूनचं कुलूप

लातूरकडच्या त्र्याण्णवच्या भूकंपात राजकन्येचे आईबाप गेले, तेव्हा ती दीडएक वर्षाची असेल. नक्की किती, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. चुलती नागुबाईने तिला वाढवलं, म्हणजे जेवू घातलं आणि ते रोज ऐकवलं. पत्र्याच्या शाळेत पहिलीला नाव घालताना व्यंकटी गुरुजींनी रांगेतल्या सगळ्या पोरांना सरसकट एकच जन्मतारीख दिली: एक जून ब्याण्णव. आमच्याकडचे बहुतेक गुरुजी तसंच करत. जूनला सहा वर्षं पुरी, विषय संपला.

मी लातूरच्या कॉलेजात गणित शिकवत असे. सुट्टीत त्या शाळेत जायचे, तिथे ही सापडली. हुशार होती. गोड मुळीच नव्हती, आणि मला गोड मुलांचा कंटाळाच आहे. दहावी झाली तशी मी तिला घरी आणलं.

तेव्हा लातुरात गल्लोगल्ली डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास निघाले होते. त्यातल्या एका बड्या क्लासने भूकंपग्रस्त गावांतल्या एका मुलाला दोन वर्षं फुकट शिकवायचं जाहीर केलं, हॉस्टेलसकट. परीक्षा झाली. राजकन्या पहिली. दुसरा तिच्याच वर्गातला लखन. त्याच्या घराची भूकंपात एक भिंत पडली होती, तेवढ्यावर तो भूकंपग्रस्त.

नागुबाईने निरोप धाडला, "जागा मिळाली तर शीक. न्हाई तर देगलूरचं स्थळ आलंय, म्या थांबत न्हाई." पोरीचं वय सोळा.

क्लासने हैदराबादहून नवीकोरी वेबसाइट करून आणली होती. आपला परीक्षा क्रमांक टाकायचा, पासवर्ड म्हणून जन्मतारीख टाकायची, आणि ‘जागा घेतली’ किंवा ‘जागा सोडली’ यांपैकी एक दाबायचं. क्रमांक नावांसकट क्लासच्या फाटकावर डकवलेले. पासवर्ड बदलायची सोयच नाही. का, तर मुलं विसरतात. ज्याने हे बनवलं त्याच्या गावी माणसं वेगवेगळ्या दिवशी जन्मत असावीत.

माझ्या घराशेजारच्या नेट कॅफेत राजकन्येने ‘घेतली’ दाबलं. दोन दिवसांनी जाऊन बघते तर तिच्या नावापुढे ‘जागा सोडली’. जागा लखनला.

आम्ही क्लासच्या डायरेक्टरकडे गेलो. लखन आणि त्याचा बाप रामकिशन पेढ्यांचा पुडा घेऊन आधीच बसलेले.

"मॅडम, तिच्याच पासवर्डने झालंय. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," डायरेक्टर म्हणाले. "आणि एकदा सोडलेली जागा परत देता येत नाही. सिस्टीमच तशी आहे."

"झोपेत दाबलं आसंल," लखन हसत म्हणाला.

रामकिशनने पुडा पुढे केला. "घ्या बाई. तसंबी आईबापाविना पोर, ती कुठं डॉक्टर व्हायली?"

मी पेढा घेतला नाही. डायरेक्टरांना म्हटलं, "ही तारीख अख्ख्या वर्गाची आहे. कुणीही कुणाचं पान उघडू शकतं. दाखवू का?"

"दाखवा की."

राजकन्या खुर्चीत बसली. लखनचा क्रमांक टाकला, आपलीच तारीख टाकली. पान उघडलं. मी डायरेक्टरांकडे वळून "बघा" म्हणेपर्यंत तिने ‘जागा सोडली’ दाबलं होतं.

मी असते तर मीही दाबलं असतं.

रामकिशन किंचाळला. डायरेक्टरांनी ऑपरेटरला हाक मारली, आणि आमच्यापुढचा चहा गार व्हायच्या आत लखनची जागा परत आली. येत होती की परत! मी तेच विचारलं. त्यांनी राजकन्येकडे बोट दाखवलं. "दुसऱ्याच्या खात्यात शिरताना हिला सगळ्यांनी पाहिलंय. या मुलीला आमच्याकडे पुन्हा प्रवेश नाही. लखनचं काय, त्याला कुणी पाहिलंय का?"

मी पोलिसांत गेले. फौजदाराने विचारलं, "चोरीला काय गेलं, बाई?"

राजकन्येचं लग्न दिवाळीनंतर लागलं.

आता ती देगलूरला झेरॉक्सच्या दुकानात पोरांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. नवरा पितो, दुकान तीच चालवते. लखन नांदेडात डॉक्टर आहे, स्वतःचा दवाखाना आहे. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर एक जूनला सगळे एकमेकांना शुभेच्छा देतात. यंदा मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने मला लखनचा वेगळा मेसेज दाखवला. "राजे, आजून राग हाय का? कुलूप समद्यांचं एकच व्हतं, म्या निस्ता आधी उघडलं."

तिने तो वाचून फोन उलटा ठेवला आणि कॉम्प्युटरवर त्याच्या दवाखान्याची वेबसाइट काढली. त्याचा मोबाइल नंबर टाकला, एक जून ब्याण्णव टाकली. आतलं सगळं उघडलं: पेशंटांची नावं, रिपोर्ट, उद्याची ऑपरेशनं. खाली लाल बटण, ‘सर्व रद्द करा’.

"दर वर्षी बघते," ती म्हणाली. "कुलूप बदलायलाच न्हाई त्यो."

"मग दाबत का नाहीस?"

तिने पान बंद केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हात केला.

"एकदा दाबलं की त्यो बदलंल ना, बाई."