चाचांचं ‘इन स्पाइट ऑफ’

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर तीन-चार वर्षांनी मी औरंगाबादेत जमिनीच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. जुनं दफ्तर सगळं उर्दूत आणि वरून येणारी पत्रं इंग्रजीत. शेजारच्या मेजावर पन्नाशीचे मोठे कारकून बसत, उर्दूचे पक्के जाणकार. मी त्यांना चाचा म्हणायचो. खात्याची इंग्रजीची परीक्षा पास झाले तरच त्यांचं मेज टिकणार होतं. म्हणून डबा खाऊन झाला की मी त्यांना शिकवायचो.

‘इन स्पाइट ऑफ’, म्हणजे ‘असूनही’, त्यांना फार आवडलं. “इन स्पाइट ऑफ रेन, आय केम टू ऑफिस.” “इन स्पाइट ऑफ वाइफ, आय टुक पान.” मी हसलो की म्हणायचे, “हसता काय मास्तर, बराबर बसलं का नाय?”

बसलेलं असायचं.

एकदा वरच्या कचेरीनं गंगापूरकडच्या एका जमिनीचा जुना उर्दू उतारा मागवला. इंग्रजी पत्र वाचून चाचांना सांगायचं काम माझं. मी ते खणात टाकलं आणि विसरलो. स्मरणपत्र आलं तेव्हा घाबरून तेही खणात टाकलं. शेवटी खुलासा मागितला गेला. साहेबांसाठी मसुदा मीच केला : वारंवार सूचना देऊनही मोठ्या कारकुनांनी उतारा दिला नाही. सुरुवात ‘इन स्पाइट ऑफ’नं. इंग्रजी अचूक होतं. सूचना मात्र एकही दिलेली नव्हती.

ज्याच्याविषयी मजकूर, त्याची ‘पाहिले’ म्हणून सही घ्यायची रीत होती. कचेरीचं लांबलचक इंग्रजी चाचांना लागत नसे. पहिल्या शब्दांवर बोट ठेवून ते खूश झाले.

“अरे, ये तो अपना है! कशाबद्दल आहे?”

“नेहमीचंच,” मी म्हणालो.

त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत इंग्रजीत सही केली.

महिन्याभरात त्यांना परीक्षेला न बसवताच खालच्या जागेवर अजिंठ्याकडे पाठवलं. त्यांचं मेज मला मिळालं. त्यावर मी बरीच वर्षं बसलो.

यंदा त्यांच्या मुलीचा पत्ता काढून गेलो आणि सगळं सांगितलं. तिनं चहा दिला, मग म्हणाली, “तोंडी नको, काका. तेव्हा लिहून दिलं होतं ना? आता पण लिहूनच द्या.”

तर लिहून देतो. दोन्ही पत्रं माझ्याकडे असूनही मी चाचांना कळवलं नाही. कसूर माझी होती, त्यांची नव्हती. वरचा शब्द न् शब्द मी पाहिला आहे आणि खालची सही माझी आहे.