बेडूकउड्या

"मागच्या बायांनो, अजून खाली बसा. बेडूक असा उभा राहते का?" साहेब खुर्चीत बसून, मोबाईल समोर धरून म्हणाले. बाजूचे दोन पाहुणे खदखदून हसले.

अकोट तालुक्यात नव्या अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण होतं. वीस वर्षं अंगणवाडी चालवली म्हणून शिकवायला मला बोलावलेलं. सकाळी बेडकाचं गाणं मीच घेतलं. साडी खोचून उड्या मारल्या. तीन वर्षांच्या लेकराला शिकवायचं तर बाईला आधी स्वतःचा संकोच सोडावा लागतो. तेव्हा दार लावलेलं होतं. पोट दुखेस्तोवर हसलो आम्ही.

दुपारी अंगणवाडी प्रकल्पाचे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. "ते गाणं पुन्हा होऊ द्या."

आणि मी म्हटलं, "चला बायांनो." हे मला लपवायचं नाही.

पुढच्या रांगेत एका पुढाऱ्याची सून होती. ती उठू लागली तसे साहेब म्हणाले, "वहिनी, तुमी बसा. तुमी काहून तरास घेता?" ती बसली. बाकीच्या, निंदणाची मजुरी सोडून आलेल्या, उड्या मारत राहिल्या. पदर सावरत. धापा टाकत.

शोभा चार महिन्यांची बाळंतीण. ती मधेच पोट धरून थांबली. "बाई, मले नाई पाहिजे हे नोकरी."

साहेब म्हणाले, "वावरात तर दिवसभर वाकता. इथंच कंबर दुखते?"

किळस आली. त्याची. माझीही.

"बसा सगळ्या," मी म्हटलं. मग साहेबांकडे वळले. "हे लेकरायचं गानं हाय. तुमाले पाहाचं असन तर अंगणवाडीत या, लेकरायसंगं उड्या मारा. आन् तो व्हिडिओ आमच्यासमोर पुसा."

"शिकवणाऱ्यायच्या यादीतून नाव जाईन तुमचं, बाई."

"जाऊ द्या. व्हिडिओ पुसा."

त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि ते निघून गेले. आम्ही तिथंच तक्रार लिहिली. सुनेनं सही केली नाही. शोभानं सर्वांत आधी केली.

तक्रारीचं उत्तर आलेलं नाही. यादीतून माझं नाव मात्र गेलं. तरी दर रविवारी शोभा आणि आणखी सहाजणी माझ्याकडे शिकायला येतात. नव्या बाईला मी पहिल्या दिवशी गाणं शिकवत नाही. 'नाही' म्हणायला शिकवते. ताठ उभं राहून, समोर साहेब आहे असं धरून, त्याच्या डोळ्यांत बघून. आवाज कापायचा थांबेपर्यंत म्हणवून घेते.