बिनखताचा वाफा

राहात्याजवळच्या प्रयोगाच्या शेतावर तो मजूर होता आणि मी नोंदी ठेवणारा. मसुरीच्या वाफ्यात शिरताना तो वहाणा काढायचा. दाणा दाताखाली फोडून, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि "भरलाय" किंवा "पोचट हाय" एवढंच बोलायचा. नंतर माझा तराजू तेच सांगायचा.

तुलनेसाठी एका वाफ्याला मुद्दाम खत देत नसू. ते त्याला कधी पटलं नाही. "बाकीच्यांना वाढायचं अन् ह्याला पंगतीत नुसतं बसवून ठेवायचं व्हय?"

दुष्काळाच्या साली तो स्वतः एकच वेळ जेवत होता. त्या हंगामात बिनखताची मसूर इतरांच्या बरोबरीनं भरली. त्यानं चोरून तिला मूठ मूठ सुपर फॉस्फेट घातलं होतं. मी साहेबांना सांगितलं. त्या सालचा प्रयोग रद्द झाला, त्याचं काम गेलं.

निघताना बांधावर वहाणा घालत त्यानं विचारलं, "त्याचा दाना भरला ना, भाऊसाहेब?"

"भरला."

"मंग बास."

पुढच्या हंगामात त्या वाफ्यातला दाणा मी दाताखाली फोडला. पोचट होता. प्रयोग बरोबर आला होता.